अंडाशयाचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात सापडला, तर लिम्फ नोड काढावेत का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आईच्या बाबतीत निर्णय घ्यायचा आहे. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगताहेत आणि घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

आई ५८ वर्षांची. पाळी कधीच गेली आहे. पोट फुगल्यासारखं वाटायचं, दोन घास खाल्ले की भूक मरायची. बरेच दिवस ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढले. शेवटी सोनोग्राफी केली, तर उजव्या अंडाशयावर गाठ. सीए-१२५ (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं प्रथिन) वाढलेलं होतं, पण फार नाही. आमच्या भागातल्या एका खाजगी रुग्णालयात दुर्बिणीतून गाठ काढली. काढताना ती फुटली, असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलं आहे. बायोप्सीत 'सिरस कार्सिनोमा' हा कॅन्सरचा प्रकार आला. ग्रेड, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात तो दर्जा, लिहिलेली नाही. नंतर केलेल्या सीटी स्कॅनमध्ये पोटात दुसरीकडे काही दिसत नाही, लिम्फ नोड म्हणजे लसिका-ग्रंथीही वाढलेल्या नाहीत.

कोल्हापूरचे कॅन्सर सर्जन म्हणतात, पुन्हा पोट उघडायचं. पिशवी, दुसरं अंडाशय, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) आणि ओटीपोटातले व महाधमनीजवळचे लिम्फ नोड सगळे काढायचे. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, बाकी सगळं काढा, पण नोड स्कॅनमध्ये नॉर्मल आहेत तर त्यांना हात लावू नका. किमो द्यायचीच आहे, त्यात काय ते होऊन जाईल.

आईला मधुमेह आहे. शेतावर जाते, दिवसभर उभी असते. नोड काढले की पाय कायमचे सुजतात असं वाचलं. ज्यांना अनुभव आहे किंवा विषय कळतो त्यांनी कृपया लिहा.

रानफूल
ताई, आईंना लवकर बरं वाटो. माझ्याकडे माहिती नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहिते.

वाटसरू
यावर मोठा अभ्यास झालेला आहे. जर्मनीतून २०१९ साली प्रसिद्ध झाला, 'लायन' नावाचा. ६४७ बायकांवर केला. नोड काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांचं आयुष्य सारखंच निघालं, उलट काढलेल्या गटात गुंतागुंत जास्त. म्हणजे पुण्याचे डॉक्टर बरोबर. विषय संपला.

स्टेथो
वाटसरू, विषय संपला नाही. मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पेशंट न बघता सल्ला देणार नाही, पण प्रश्न नीट मांडायला मदत करू शकते.

लायन अभ्यास पुढे गेलेल्या कॅन्सरचा होता. पोटात पसरलेला आजार सर्जननं डोळ्यांना दिसेल तेवढा पूर्ण काढलेला आणि नोड हाताला नॉर्मल लागणारे, अशा बायका त्यात होत्या. त्यांच्यात नोड काढून आयुष्य वाढलं नाही. उलट पोट पुन्हा उघडावं लागण्याचं प्रमाण १२.४ टक्के होतं, न काढलेल्यांत ६.५. साठ दिवसांच्या आत दगावण्याचं प्रमाण ३.१ टक्के, न काढलेल्यांत ०.९. हे आकडे गंभीर आहेत आणि त्यांनी जगभरची पद्धत बदलली. पण तो निष्कर्ष पहिल्या टप्प्याला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तिथे प्रश्नच वेगळा आहे.

पुढच्या टप्प्यात आजार तिसऱ्या स्टेजचा आहे हे आधीच माहीत असतं. नोडमध्ये काही सापडलं तरी उपचार फारसे बदलत नाहीत. पहिल्या टप्प्यात मात्र आजार खरंच अंडाशयापुरता आहे का, हेच ठरवायचं असतं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तशाच ग्रंथी पोटात आत, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेनं असतात. अंडाशय गर्भात असताना वर मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि मग खाली उतरतं. त्याच्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या मात्र वरच जोडलेल्या राहतात. म्हणून या कॅन्सरच्या पेशी थेट महाधमनीजवळच्या, डाव्या बाजूला तर मूत्रपिंडाच्या शिरेपर्यंतच्या नोडमध्ये जाऊ शकतात. दुसरी वाट ओटीपोटाच्या कडेच्या नोडकडे जाते.

नोड स्कॅनमध्ये नॉर्मल दिसणं ही दिलासा देणारी गोष्ट आहे, पण पूर्ण खात्री नव्हे. लायनमध्येही सर्जनला नॉर्मल वाटलेले नोड काढले, तर ५५.७ टक्के बायकांत त्यांत पेशी सापडल्या. तो पुढचा टप्पा होता, म्हणून आकडा एवढा मोठा. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात वाटणाऱ्या रुग्णांचे अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये आढावा घेतला गेला, त्यात सरासरी १४ टक्के निघाले. पण ही सरासरी फसवी आहे. ग्रेड १ च्या गाठीत ४ टक्के, ग्रेड ३ मध्ये २०. सिरस प्रकारात २३, म्युसिनस या दुसऱ्या प्रकारात जेमतेम २.६.

म्हणून कृष्णाकाठ, सर्वांत आधी आईंच्या गाठीच्या स्लाइड आणि तिचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक दुसऱ्या, कॅन्सरचंच काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. ग्रेड न लिहिलेल्या रिपोर्टवर नोडचा निर्णय घेता येत नाही. ब्लॉक तुमच्या हक्काचे आहेत, लॅबकडे मागितले की द्यावे लागतात.

वाटसरू
स्टेथो, धन्यवाद. 'पुढे गेलेला' हा भाग मी लक्षात घेतला नव्हता. मग पहिल्या टप्प्यावर तसा अभ्यास झालाच नाही का?

स्टेथो
झाला, पण लहान. इटलीतल्या गटाचा, २००६ मध्ये आला, २६८ बायका. एका गटात सगळे नोड पद्धतशीर काढले, दुसऱ्यात थोडेच नमुन्यासाठी. पहिल्या गटात २२ टक्के बायकांच्या नोडमध्ये कॅन्सर सापडला, दुसऱ्यात ९ टक्के. म्हणजे थोडेच काढले की निम्म्याहून जास्त निसटतात. पण पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८४.२ आणि ८१.३ टक्के, फरक असलाच तरी सिद्ध होण्याइतका नाही. एवढ्या लहान अभ्यासात मध्यम आकाराचा फायदा दिसूनच येत नाही. 'फायदा सिद्ध झाला नाही' आणि 'फायदा नाही हे सिद्ध झालं' यांत अंतर आहे, आणि दोन चांगले डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात ते त्या अंतरातच.

लंडनकर
इथे ब्रिटनमध्ये 'नाइस'च्या, म्हणजे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०११ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. आजार अंडाशयापुरता वाटत असेल तर नोड तपासावेत, म्हणजे हाताने चाचपून, संशयास्पद असेल तो काढून पाहावा, तसं काही लागलं नाही तर थोडे नमुने घ्यावेत. सगळे नोड सरसकट काढणं हा प्रमाण उपचाराचा भाग करू नये. माझ्या सासूबाईंचं इथे ऑपरेशन झालं तेव्हा सर्जननं हेच सांगितलं. तिला पुढे किमो मिळाली, आज ती मजेत बागकाम करते. पाय व्यवस्थित.

एका बाईला वाचवण्यासाठी चार-पाच जणींचे निरोगी नोड काढायचे, तेही वाचवल्याचा पुरावा हातात नसताना, हे मला पटत नाही.

गोदाकाठ
लंडनकर, तुमच्या सासूबाई छान आहेत हे वाचून आनंद झाला. पण दुसरी बाजू मी सांगते, कारण ती आमच्या घरात घडली आहे.

माझी ताई, वय ४९. स्कॅन स्वच्छ, नोड नॉर्मल, सगळे म्हणत होते पहिला टप्पा. सर्जननं नोड काढायचा आग्रह धरला आणि ऑपरेशनला वेळ लागला तेव्हा आम्ही बाहेर त्यांनाच बोल लावत बसलो होतो. रिपोर्ट आला तर महाधमनीजवळच्या दोन नोडमध्ये पेशी. ओटीपोटातले सगळे स्वच्छ. ताई एका कागदासरशी पहिल्या स्टेजवरून तिसऱ्या स्टेजला गेली. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

पण पुढे काय झालं ते ऐका. बीआरसीए नावाच्या जनुकांची तपासणी केली, त्यात दोष निघाला. किमो संपल्यावर ओलापॅरिबच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या आणि बीआरसीएचा दोष असलेल्या बायकांना या गोळ्यांनी आजार उलटण्याचा काळ खूप लांबतो, हे २०१८ च्या अभ्यासात दिसलं आहे. नोड काढले नसते तर ताई कागदावर पहिल्या स्टेजची राहिली असती आणि या गोळ्यांचा विचारही झाला नसता. चार वर्षं होत आली. गेल्या महिन्यात तिच्या मुलाचं लग्न झालं, वरमाईनं स्वतः रुखवत मांडलं.

तेव्हा 'किमो द्यायचीच आहे, मग नोड कशाला' हे वाक्य ऐकलं की माझा जीव खालीवर होतो.

स्टेथो
गोदाकाठ, फार महत्त्वाचं लिहिलंत. ताईंचे फक्त वरचे नोड बाधित होते, तेही नेहमीचंच आहे. मी आधी सांगितलेल्या त्या अनेक अभ्यासांच्या आढाव्यात बाधित नोड असलेल्या बायकांपैकी निम्म्यांत ते फक्त महाधमनीजवळ होते. म्हणून कोणी 'आम्ही नोड काढू' म्हणालं, तर 'कुठपर्यंत काढणार?' असं विचारा. ओटीपोटातले चार काढले आणि वर गेलोच नाही, तर पायसुजीचा धोका पत्करूनही प्रश्नाचं उत्तर अर्धवटच राहतं.

भंडाऱ्याची_पोर
मी पायांबद्दल लिहिते, त्याबद्दल कोणी नीट सांगत नाही.

आईचं ऑपरेशन झाल्यावर वर्षभर काही नव्हतं. मग डाव्या पायाला घोट्याजवळ चप्पलचा पट्टा रुतायला लागला. संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. पुढे सकाळीही उतरेना. आमच्या भागात हत्तीरोग आहे, त्यामुळे गावात पहिलं सगळ्यांच्या तोंडी तेच. आरोग्य केंद्रात रात्रीचं रक्त घेतलं, कारण ते जंतू रात्रीच रक्तात सापडतात. रिपोर्ट निगेटिव्ह. तरी गोळ्यांचा एक कोर्स झाला. ऑपरेशनचे कागद कोणी बघितलेच नाहीत. नागपूरला दाखवलं तेव्हा कळलं, नोड काढल्यामुळे पाणी वर चढत नाही.

नंतर एकदा धानाच्या बांधीत रोवणीला गेली, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. दोन दिवसांत पाय लालभडक, हुडहुडी भरून ताप. दवाखान्यात भरती करावं लागलं, शिरेतून अँटिबायोटिक दिलं. तेव्हापासून आई बांधीत उतरत नाही. ज्या बाईनं जन्मभर रोवणी केली तिला धुऱ्यावर बसून दुसऱ्यांची रोवणी बघावी लागते. रिपोर्टमध्ये याला 'सौम्य ते मध्यम' लिहितात.

नोड काढू नका असं मी म्हणत नाही. काढायचे असतील तर आधी सांगा, नंतर काय काळजी घ्यायची ते शिकवा, एवढंच म्हणणं आहे.

कृष्णाकाठ
तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या बाईला माझा नमस्कार सांग." आमच्याकडे ऊस आणि हळद आहे, पाणी पाजायला चिखलात उतरावंच लागतं.

तळपाय
मी फिजिओथेरपिस्ट आहे, लसिका-सुजीचंच काम करते. भंडाऱ्याची_पोर यांच्या आईंसारख्या बायका रोज येतात, बहुतेक उशिरा येतात.

सूज प्रत्येकीला येत नाही. जितके नोड जास्त निघतात, वजन जास्त असतं, किंवा नंतर ओटीपोटाला रेडिएशन दिलं जातं, तितका धोका वाढतो. लवकर सुरुवात केली तर ती आटोक्यात राहते. ऑपरेशनच्या आधीच दोन्ही पायांचा घेर घोट्याशी, पोटरीशी, मांडीशी मोजून लिहून ठेवा. नंतर तुलना करायला तोच आधार.

पाय कोरडा पडू देऊ नका, भेगा बुजवा, बोटांच्या बेचक्या धुऊन पुसून ठेवा. मधुमेह असेल तर हे दुप्पट कसोशीनं. नखं सरळ कापा. शेतात गमबूट, आत सुती मोजे. पाय अचानक लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत एकच पाय एकाएकी सुजला आणि पोटरी दुखली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा पाय चोळायचा नाही, आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायची. गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत घ्यायची इंजेक्शनं देतात, ती घरी आल्यावर मध्येच सोडू नका.

स्टॉकिंग व्हेरिकोज व्हेनसाठी मिळतात तसले दुकानातून उचलून आणू नका. ते पायाच्या मापाचे हवेत आणि माप सूज कमी असताना, सकाळी घ्यायचं. घालताना हातात भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घातले की कापड सरकत नाही आणि नखही लागत नाही. ही युक्ती माझ्या पेशंट बायकांनीच मला शिकवली.

मसाज म्हणजे तेल लावून रगडणं नव्हे. हा अगदी हलक्या हाताचा, कातडी सरकवण्यापुरता प्रकार आहे. शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

आजोळ
माझ्या मामींना पंचकर्म आणि एक काढा दिला होता, गाठी विरघळतात म्हणे. हवा असेल तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. ऑपरेशन टळेल.

स्टेथो
आजोळ, तुमचा हेतू चांगला आहे हे समजतं. पण अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन टाळून काढ्यावर राहिलेल्या बायका आमच्याकडे पोटात पाणी भरल्यावर येतात, आणि तेव्हा पहिल्या टप्प्याचा प्रश्नच उरलेला नसतो. किमो चालू असताना कुठलंही चूर्ण किंवा काढा डॉक्टरांना न सांगता घेऊ नये, यकृतावर परिणाम होऊ शकतो. कृपया पत्ता देऊ नका.

चहाबाज
+१ स्टेथो.

जरा वातावरण हलकं करतो. आमच्या काकूंचे नोड काढले, त्या ऑपरेशननंतर पोटातल्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी यायला लागलं. काका घाबरून नर्सला म्हणाले, "अहो, हिनं सकाळी घेतलेलं दूध सरळ नळीत उतरलंय!" सगळा वॉर्ड हसला, काकू टाके धरून हसल्या. पण तो खरंच एक प्रकार असतो म्हणे.

स्टेथो
काकांचा अंदाज तसा फार लांबचा नव्हता. आतड्यातून शोषलेली चरबी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या महाधमनीजवळूनच वर जातात. तिथले नोड काढताना एखादी उघडी राहिली की जेवण सुरू झाल्यावर असं पांढरं पाणी येतं. बहुतेक वेळा तूप-तेल पूर्ण बंद ठेवून, डॉक्टरांनी दिलेल्या खास प्रकारच्या स्निग्धावर काही दिवस काढले की थांबतं. क्वचित पुन्हा ऑपरेशन लागतं.

निशिगंध
माझा वेगळा प्रश्न. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आता रंग टोचून पहिला नोड शोधतात आणि तेवढाच काढतात. बहिणीचं तसंच झालं, काखेतले बाकीचे वाचले. इथे तसं का करत नाहीत?

स्टेथो
प्रयोग चालू आहेत. अंडाशयाला जोडणाऱ्या दोन बंधांमध्ये, एक वरून येणारा आणि एक गर्भाशयाकडचा, हिरवा चमकणारा रंग टोचतात आणि तो कुठे जातो ते खास कॅमेऱ्यानं बघतात. अडचण अशी की निचरा दोन-तीन दिशांना होतो आणि गाठ आधीच काढलेली असली की वाटा बदललेल्या असतात. म्हणून अजून हा रोजचा उपचार नाही. हे जमलं तर आजचा हा सगळा वादच मिटेल, आणि माझ्या हयातीत तो मिटावा असं मनापासून वाटतं.

तिठा
अवांतर, पण उपयोगाचं. परळला टाटा मेमोरियलला दाखवणार असाल तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दोन्हीकडे चौकशी करा. हॉस्पिटलची फाइल आणि आधार कार्ड जवळ ठेवा. जागा भरलेल्या असतात, म्हणून पोचायच्या आधीच विचारा. महात्मा जोतिराव फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण त्या यादीतलं रुग्णालय हवं आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, पहिल्याच दिवशी त्यांना गाठा.

प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर टाटाशी जोडलेल्या 'नव्या'मार्फत कागद पाठवून तज्ज्ञांचं मत मिळतं. आम्ही ते घेतलं होतं.

लंडनकर
मूळ प्रश्नाकडे येतो. गोदाकाठ यांचा अनुभव वाचून मी बराच विचार केला. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. ब्रिटनमध्ये २०११ साली हे लिहिलं तेव्हा ओलापॅरिबसारख्या गोळ्या वापरात नव्हत्या, हे मान्य. पण बीआरसीएची तपासणी रक्तातून होते. तिच्यासाठी पोट उघडावं लागत नाही. आधी ती करा. दोष नसेल तर तिसरी स्टेज सापडूनही हाताशी फार वेगळं काही येणार नाही.

स्टेथो
मुद्दा चांगला आहे. रिपोर्टला मात्र काही आठवडे लागतात आणि पुढचं ऑपरेशन व किमो तेवढ्यासाठी लांबवणं बरं नाही. शिवाय बीआरसीए नसतानाही गाठीतल्या इतर चाचण्यांवरून या गोळ्यांचा विचार होतो. युरोपातल्या स्त्री-कर्करोग शल्यचिकित्सकांच्या शिफारशी वाचल्या तर हाय ग्रेड गाठीत नोड काढण्याकडे कल दिसतो, लो ग्रेड एंडोमेट्रिऑइड (आणखी एक प्रकार) आणि एका विशिष्ट प्रकारच्या म्युसिनसमध्ये वगळण्याकडे. ब्रिटन सावध आहे. दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत.

माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच: माझ्या आईच्या नोडमध्ये काही सापडलं, तर उद्यापासून तिच्या उपचारात काय बदलेल, आणि नाही सापडलं तर काय वाचेल? डॉक्टरनं याचं नेमकं उत्तर दिलं, तर त्याचा सल्ला 'काढा' असो वा 'नका काढू', त्यावर भरवसा ठेवता येतो. 'आम्ही सगळ्यांचेच काढतो' किंवा 'आम्ही कुणाचेच काढत नाही' हे उत्तर नव्हे.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये लिहायला जमलं नाही, आता सगळं सांगते.

स्लाइड-ब्लॉक मुंबईला तपासून घेतले. हाय ग्रेड सिरस निघालं. गाठ फुटल्यामुळे 'किमान आयसी-१' (पहिल्या स्टेजचाच एक उपप्रकार) असं लिहिलं आहे. स्टेथो, तुमचा प्रश्न कागदावर लिहूनच नेला होता. दोन्ही डॉक्टरांना विचारला. पुण्याच्या डॉक्टरांनी वेळ देऊन ऐकलं आणि म्हणाले, ग्रेड कळल्यावर माझाही आग्रह तेवढा राहत नाही. आईचा मधुमेह आणि वजन बघता वरच्या नोडपर्यंत जाणं जोखमीचं आहे, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. मुंबईच्या ट्यूमर बोर्डानं, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या गटानं, नोड काढून पूर्ण स्टेजिंग (आजार कुठपर्यंत गेला आहे ते ठरवणं) करावं, असं मत दिलं. किमो दोन्ही परिस्थितीत सहा वेळा होणार आहे, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. नोडमध्ये सापडलं तर किमोनंतरच्या गोळ्यांचा निर्णय बदलेल. नाही सापडलं तर किमोनंतर नुसतं तपासत राहायचं.

बीआरसीएचं रक्त दिलं आहे. हाय ग्रेड सिरसमध्ये घरात कुणाला कॅन्सर नसला तरी ही तपासणी करायची असते, असं समजलं. आमच्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, ते मी आजवर कधी जोडून पाहिलंच नव्हतं. आईत दोष निघाला तर माझी आणि धाकट्या बहिणीचीही तपासणी करायची आहे.

शेवटी आईलाच विचारलं. मोठमोठ्या आकड्यांपैकी तिला एकच हवा होता: "माझ्यासारख्या दहा जणींत किती जणींना तिथे असतं?" सर्जन म्हणाले, दोघी-तिघींना. ती म्हणाली, "मग बघून टाका. नसलं तर मी निवांत झोपेन. पाण्यात उतरायचं काम शिवा करील." शिवा म्हणजे माझा भाऊ, तो शेजारीच उभा होता, त्यानं मान हलवली.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. तळपाय, पायांची मापं घेऊन वहीत लिहिली आहेत.

गोदाकाठ
आईंना माझ्या ताईकडून खूप खूप शुभेच्छा. ती म्हणतेय, ऑपरेशनच्या आदल्या रात्री हवं तर फोन करा. नंबर व्यनि केला आहे.

लंडनकर
मी वेगळा निर्णय घेतला असता, पण हा निर्णय सगळं समजून घेऊन झाला आहे आणि आईंनी स्वतः घेतला आहे. त्यांना लवकर आराम पडो.

भंडाऱ्याची_पोर
गमबूट अर्धा नंबर मोठे घ्या. मोजे घालून पाय आत जायला हवा आणि संध्याकाळी थोडी सूज आली तरी घट्ट होता कामा नये. आईसाठी मी तसेच आणले आहेत.

तळपाय
बरोबर. आणि काढल्यावर रोज आतून वाळवायचे, ओले पुन्हा घालायचे नाहीत. कृष्णाकाठ, टाके काढले की मला व्यनि करा, सांगली-मिरजेकडे या कामाचं प्रशिक्षण घेतलेलं कोण आहे ते बघून कळवते.